निखारा, वारा आणि लहर : एका विजेच्या भट्टीची कुळकथा

गेल्या चवथीच्या वेळी आमच्या मूळ घरी एक लहानसा वाद उपस्थित झाला. वादाचे कारण तवसळी. भाद्रपदात परसातल्या मांडवावर मोठाली तवशी लोंबू लागली, की त्यांतले एखादे जून तवसे किसून, तांदळाचा रवा, गूळ, नारळाचा चव आणि वेलची घालून तवसळी करावयाची, हा आमच्याकडील जुना परिपाठ. कोकणपट्टीतील आमचे बांधव याच पदार्थाला धोंडस म्हणतात. आमच्या थोरल्या काकी तो चुलीवर करीत. पातेल्याच्या तळाशी केळीचे पान, खाली मंद विस्तव, वर झाकण आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे, अशी ती रीत. परंतु आता काकींचे हात थरथरतात. चिमट्याने निखारे उचलून झाकणावर सारखे पसरणे त्यांना झेपत नाही. तेव्हा पुण्याहून आलेल्या धाकट्या सूनबाईंनी आपल्याबरोबर आणलेली विजेची भट्टी पुढे केली. बाजारात जिला ‘कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह ओव्हन’ असे लांबलचक नाव आहे, तीच ही पेटी.

काकींनी पेटीचे दार उघडून आत डोकावून पाहिले आणि विचारले, “अगे, हातूंत उजो खंय आसा?”

यात विस्तव कोठे आहे? आणि विस्तवच नसेल, तर त्यात शिजलेले अन्न देवापुढे कसे ठेवावयाचे? घरातील तरुण मंडळी हसली. आम्हाला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. आपल्याकडे अन्न म्हणजे केवळ पोट भरण्याची वस्तू नव्हे. ते आधी नैवेद्य होते, मग प्रसाद होते, आणि त्यानंतर जेवण होते. अशा घरात नवे चुलीचे यंत्र येते तेव्हा त्याचे कूळ विचारण्याचा अधिकार घरातल्या वडीलधाऱ्यांना असलाच पाहिजे. म्हणून या पेटीची कुळकथा, आम्हास जेवढी ठाऊक आहे तेवढी, वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या पेटीच्या नावात दोन शब्द आहेत आणि ते दोन निराळ्या घराण्यांचे आहेत. ‘कन्व्हेक्शन’ म्हणजे अभिसरण, अर्थात तापलेल्या हवेचे वाहणे. हे घराणे वाऱ्याचे. ‘मायक्रोवेव्ह’ म्हणजे सूक्ष्म लहर. हे घराणे विजेचे आणि प्रकाशाचे. दोघांची सोयरीक अगदी अलीकडची आहे. परंतु दोन्ही घराण्यांचा इतिहास लांब आहे, आणि त्या इतिहासात एक भारतीय पुरुषही भेटतो.

वाऱ्याच्या घराण्यापासून आरंभ करू. कोरड्या उष्णतेने, चहूकडून बंदिस्त जागेत अन्न भाजणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. काकींच्या झाकणावरचे निखारे हे त्याचेच उदाहरण. खालून आच दिली तर तळ करपतो आणि माथा कच्चा राहतो. म्हणून वरूनही आच द्यावयाची, हे आमच्या आजी-पणजींना कोणत्याही ग्रंथावाचून कळले होते. माळव्यातील मराठी घरे बाफले आधी पाण्यात उकडतात आणि मग गोवऱ्यांच्या आरावर भाजतात. बडोदे आणि इंदूर येथील गृहिणी दिवाळीपूर्वी नानकटाईचे पीठ मळून, पत्र्याच्या ताटांत ओळीने मांडून, गल्लीतल्या बेकरीच्या भट्टीत भाजून आणीत, हे अनेक वाचकांना स्मरत असेल. घरात भट्टी नव्हती. पण भट्टीचे काम काय, हे घराला माहीत होते.

गोव्यात मात्र भट्टीचा इतिहास सरळ नाही. येथे ती परक्या सत्तेबरोबर आली. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा बेट जिंकले, आणि त्यांच्यामागून त्यांचा पाव आला. आपण आज सहज उच्चारतो तो ‘पाव’ हा शब्द त्यांचाच. पाव भाजणारा ‘पोदेर’ हाही त्यांच्याच भाषेतून आला. पीठ फुगविण्यासाठी येथे माडाच्या सुरेचा उपयोग होऊ लागला, आणि घुमटाकार मातीच्या भट्ट्या गावोगाव दिसू लागल्या. त्याच शतकात देवळे मोडली गेली. १५६० नंतरच्या वर्षांत कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. नदी ओलांडून, अंधारात, जीव मुठीत धरून आपल्या पूर्वजांनी देव आणले. अशा काळात पाव ही केवळ खाण्याची वस्तू उरली नव्हती. कोणाच्या हातचे खाल्ले, यावर माणूस कोणत्या बाजूचा हे ठरत होते. म्हणून पुष्कळ हिंदू घरांनी पाव सोवळ्याच्या स्वयंपाकघरापासून दूर ठेवला, आणि हा दुरावा पिढ्यान् पिढ्या टिकला.

येथे आम्हाला एक भेद स्पष्ट करावासा वाटतो. आपल्या पूर्वजांचा विरोध भट्टीच्या आचेला नव्हता. आच तर सर्वत्र एकच. विरोध होता तो जबरदस्तीला. ती जबरदस्ती सरली, धर्मसमीक्षणाचे न्यायालय १८१२ साली कायमचे उठले, १९६१ साली गोवा मुक्त झाला. आणि आज सकाळी पोदेराच्या सायकलीचा भोंपू ऐकून उंडो घ्यावयास आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुले धावतात. वस्तू आणि तिच्याबरोबर आलेला प्रसंग यांत विवेक करावयाचा असतो, आणि तो करावयास वेळ लागतो, हे या इतिहासातून आम्ही शिकतो.

आता तापलेल्या हवेकडे वळू. भट्टीत अन्न भाजते कसे, या प्रश्नाचा शास्त्रीय विचार ज्यांनी केला त्यांत बेंजामिन टॉम्सन हा पुरुष अग्रणी होय. त्याचा जन्म १७५३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या वोबर्न गावी झाला. अमेरिकनांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला तेव्हा तो इंग्रजांच्या पक्षात राहिला, आणि त्यास मायदेश सोडावा लागला. पुढे तो बव्हेरियाच्या इलेक्टरच्या पदरी राहिला आणि ‘काउंट रम्फर्ड’ या पदवीने विख्यात झाला. म्युनिच शहरात त्याने निराधारांसाठी उद्योगगृह उघडले. तेथे रोज हजारावर माणसांना जेवू घालावे लागे. इतक्या पंक्तीला इंधन किती लागते, हे आपल्याकडील देवस्थानांच्या अग्रशाळा सांभाळणाऱ्यांस सांगावयास नको. उघड्या चुलीवर जळणाचा मोठा भाग वायाच जातो, हे पाहून रम्फर्ड अस्वस्थ झाला, आणि आच कोंडून ठेवणाऱ्या चुली त्याने बांधल्या.

त्याच सुमारास त्याच्या ध्यानी एक साधी गोष्ट आली. सफरचंदाचे दाट सारण घातलेली गरम पाई वरून निवाल्यासारखी दिसते, पण घास घेताच तोंड पोळते. पाण्यासारखा पातळ पदार्थ मात्र लवकर निवतो. असे का? पुढे एका मोठ्या काचेच्या नळीत तापविलेले मद्यार्क निवत ठेवले असता, उन्हात त्यातले धूलिकण हलताना त्याला दिसले. मध्यभागातून ते वर चढत होते आणि कडांनी खाली उतरत होते. द्रव पदार्थ स्वतः फिरून उष्णता वाहून नेतो, आणि दाट पदार्थात त्याला फिरता येत नाही म्हणून उष्णता आत कोंडून राहते, असा निष्कर्ष त्याने १७९७ साली प्रसिद्ध केला. या वाहण्याला ‘कन्व्हेक्शन’ हे नाव १८३४ साली विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने दिले. मराठी शास्त्रीय परिभाषेत आपण त्यास अभिसरण म्हणतो.

रम्फर्डने हे ज्ञान स्वयंपाकघरात आणले. त्याने लोखंडी नळकांड्यासारखी एक भट्टी बनविली आणि तिच्या खाली हवेच्या दोन नळ्या बसविल्या. पदार्थ आतून शिजत आला, की त्या नळ्यांची झाकणे उघडावयाची. नळ्यांत तापलेली हवा झोताने आत शिरे, दमट वाफ बाहेर पडे, आणि पदार्थाचा पृष्ठभाग खरपूस होई. आजच्या पेटीच्या मागच्या भिंतीत जो पंखा फिरतो, त्याचे काम दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी या दोन नळ्या करीत होत्या.

रम्फर्डचे आणखी एक कार्य आमच्या कथेस आवश्यक आहे. १७९९ साली लंडनमध्ये ‘रॉयल इन्स्टिट्यूशन’ ही संस्था स्थापन करण्यात त्याचा पुढाकार होता. विज्ञान सामान्य माणसाच्या घरापर्यंत न्यावे, हा तिचा हेतू. त्या संस्थेच्या व्याख्यानगृहाकडे आपल्याला लवकरच परत यावयाचे आहे.

आता दुसरे घराणे, लहरींचे. वीज आणि चुंबकत्व यांच्या लहरी अवकाशातून प्रकाशाच्या वेगाने जात असल्या पाहिजेत, असे गणिताच्या बळावर जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६५ साली मांडले. तो हे सिद्ध झालेले पाहावयास जगला नाही. जर्मनीतील कार्लस्रूह येथे हाइन्‌रिख हर्ट्‌झ याने १८८७–८८ मध्ये अशा लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखविल्या. परंतु त्याच्या लहरी लांब होत्या. त्यांहून कितीतरी आखूड, अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण करून त्यांचे गुणधर्म तपासणारे शास्त्रज्ञ कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात होते. त्यांचे नाव जगदीशचंद्र बोस. १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी मधल्या भिंतींपलीकडे या लहरी पाठवून दूरची घंटा वाजविली आणि बंदुकीची दारू पेटविली. उपकरणे त्यांनी तेथेच, देशी कारागिरांच्या हातून घडविली होती.

जानेवारी १८९७ मध्ये बोसांना लंडनमध्ये या लहरींवर व्याख्यान देण्याचा मान मिळाला, आणि ते व्याख्यान झाले रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये. म्हणजे जेथे तापलेल्या हवेचा अभ्यासक रम्फर्ड याने पाया घातला, तेथेच सूक्ष्म लहरींचा अभ्यासक बोस उभा राहिला. आमच्या पेटीतील दोन्ही घराण्यांच्या वाटा अशा रीतीने एका छपराखालून गेल्या. अर्थात बोसांनी विजेची चूल शोधली, असे आम्ही म्हणत नाही. ते म्हणणे सत्याचा अपलाप ठरेल, आणि त्यांच्या कीर्तीला त्याची आवश्यकताही नाही. तथापि त्या लहरींची ओळख जगाला करून देणाऱ्यांत एक भारतीय होता, हे सत्य आहे आणि ते स्मरणात ठेवण्याजोगे आहे.

लहरी ठाऊक होत्या, पण त्या प्रचंड शक्तीने निर्माण करण्याचे साधन नव्हते. ते साधन युद्धाने दिले. २१ फेब्रुवारी १९४० या दिवशी इंग्लंडातील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट या दोघांनी ‘कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन’ नावाची नळी प्रथम चालविली. तांब्याच्या एका ठोकळ्यात भोके पाडलेली, मूठभर आकाराची ही वस्तू. तिच्यातून दहा सेंटिमीटरांहून किंचित आखूड लहरी पूर्वी कधी मिळाल्या नव्हत्या इतक्या शक्तीने बाहेर पडू लागल्या. शत्रूची विमाने आणि पाणबुड्या अंधारात हेरणारे रडार त्यामुळे विमानात बसविण्याइतके लहान झाले. इंग्लंडजवळ ती नळी हजारोंनी बनविण्याची कारखानदारी नव्हती. म्हणून सर हेन्री टिझर्ड यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने १९४० च्या सप्टेंबरात ती अमेरिकेत पोहोचविली.

अमेरिकेत ती बनविणाऱ्यांत मॅसॅच्युसेट्समधील रेथिऑन ही कंपनी होती, आणि तेथे पर्सी स्पेन्सर हा अभियंता होता. १८९४ साली मेन प्रांतात जन्मलेला हा माणूस. बाप लहानपणीच वारला, आईही सोडून गेली, आत्या-मामांसारख्या आप्तांनी वाढविले. बारा वर्षांचा असताना शाळा सुटली आणि गिरणीत नोकरी धरली. पुढे नौदलात असता त्याने पुस्तके वाचून बिनतारी विद्या आत्मसात केली. ठोकळा कोरीत बसण्याऐवजी तांब्याच्या पातळ चकत्या छापून एकावर एक जोडाव्या, ही युक्ती त्याची; आणि तिच्यामुळे नळ्यांचे उत्पादन अनेक पटींनी वाढले.

युद्ध संपण्याच्या सुमारास, १९४५ साली, चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा असता त्याच्या खिशातील गोड वडी वितळली. खिशातली वडी वितळल्यावर चरफडणारे पुष्कळ. ती का वितळली असे विचारणारे थोडे. स्पेन्सरने मक्याचे दाणे आणून नळीसमोर धरले. ते फुटून लाह्या झाल्या. ८ ऑक्टोबर १९४५ रोजी त्याने या पाकरीतीच्या एकस्वासाठी अर्ज केला, आणि १९५० च्या जानेवारीत ते त्यास मिळाले. १९४७ साली बाजारात आलेली पहिली ‘रडारेंज’ भट्टी माणसाएवढी उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाची होती. तिला थंड ठेवण्यासाठी नळाचे पाणी जोडावे लागे. साहजिकच ती उपाहारगृहांत आणि जहाजांवर गेली, घरांत नव्हे. घरासाठी पहिली भट्टी टॅपन कंपनीने १९५५ साली काढली, पण १,२९५ डॉलर देऊन ती घेणार कोण? १९६२ पासून जपानमधील शार्प कंपनी या क्षेत्रात उतरली आणि १९६६ साली तिने भट्टीत फिरते ताट बसविले. १९६७ साली अमेरिकेत ओट्यावर मावणारी अमाना कंपनीची भट्टी ४९५ डॉलरला मिळू लागली, आणि तेव्हापासून ही वस्तू खऱ्या अर्थाने घरात आली.

मौज अशी, की ज्या १९४५ साली स्पेन्सरची वडी वितळली, त्याच साली अमेरिकेत विल्यम मॅक्सन याने पंख्याची भट्टी सिद्ध केली. विमानातील प्रवाशांना गोठविलेले जेवण गरम करून द्यावे, हा त्याचा उद्देश. विमानात जागा थोडी आणि वेळही थोडा. म्हणून त्याने तापलेली हवा पंख्याने फिरविली. तिला नावही ‘वावटळ भट्टी’ अशा अर्थाचे दिले. रम्फर्डच्या नळ्यांना पंख फुटले ते असे. एकाच वर्षी जन्मलेल्या या दोन कल्पना एकमेकींस भेटावयास मात्र आणखी बराच काळ लागला.

त्या भेटीची गरज का पडली, हे समजण्यासाठी आमच्या घरी चवथीला काय झाले ते सांगितले पाहिजे. सूनबाईंनी पहिला घाणा लहरींवरच ठेवला. काचेच्या भांड्यात मिश्रण ओतले आणि बारा मिनिटांत घंटी वाजली. तवसळी शिजली होती खरी. पण ती पांढुरकी, वरून ओलसर आणि कडांना चिवट झाली होती. काकींनी एकच शब्द उच्चारला, “उकडली.”

तो शब्द अचूक होता. या भट्टीतील लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची असते आणि सेकंदाला २४५ कोटी आवर्तने घेत आपली दिशा पालटत राहते. अन्नातील पाण्याचे कण तिच्यामागे वळू पाहतात, एकमेकांवर आदळतात, आणि त्या खटाटोपात अन्न तापते. लहर अन्नात काही सेंटिमीटर आत शिरते. म्हणून शिजणे झटपट होते. परंतु जोवर पाणी आहे तोवर अन्नाचे तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही, आणि भोवतालची हवा तर थंडच असते. खरपूसपणा येण्यास याहून पुष्कळ अधिक उष्णता लागते. १९१२ साली लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखविले, की साखर आणि प्रथिनांतील घटक यांचा उष्णतेने संयोग होऊन तांबूस रंग व सुवास निर्माण होतो. १४० अंशांच्या आसपास ही क्रिया झपाट्याने होते. कमी उष्णतेवर ती होतच नाही असे नव्हे, पण मग तास-तास दूध आटवावे लागते. बेळगावच्या कुंद्याचा तांबूस रंग हे त्याचे आपल्या घरचे उदाहरण. बारा मिनिटांच्या लहरींत ते साधणार कसे?

म्हणून लहरीला वाऱ्याची जोड हवी झाली. १९७० नंतरच्या दशकात, विशेषतः जपानी कारखान्यांनी, एकाच पेटीत मॅग्नेट्रॉनही बसविला आणि तापणारे विजेचे वेटोळे व पंखाही बसविला. आपल्याकडे १९९१ च्या आर्थिक बदलानंतर अशा पेट्या हळूहळू मध्यमवर्गीय घरांत दिसू लागल्या. खेद एवढाच, की पुष्कळ घरांत त्या चहा आणि उरलेला भात गरम करण्यापलीकडे जात नाहीत. दुसरी कळ कशासाठी आहे, हे कोणी सांगितलेलेच नसते.

ती कळ दाबली, की मॅग्नेट्रॉन बंद राहतो आणि पेटी निव्वळ भट्टी होते. गरम चहावर फुंकर घातली की तो लवकर निवतो, कारण त्याच्याभोवती साचलेला उष्ण हवेचा पातळ थर फुंकरीने उडतो. भट्टीत नेमके उलट घडते. कच्च्या पदार्थाभोवती साचलेला थंड, दमट थर पंखा उडवून लावतो आणि तापलेली हवा पृष्ठभागाला सतत भिडत राहते. म्हणूनच साध्या भट्टीत १८० अंश लागत असतील, तर येथे १६० पुरतात. यासाठी काही नियम पाळावे लागतात. पेटी आधी रिकामीच तापवून घ्यावी. भांडे लोखंडी घडवंचीवर ठेवावे, म्हणजे हवा खालूनही फिरेल. या कळेवर धातूचे भांडे चालते, किंबहुना तेच उत्तम. पण लहरींच्या कळेवर किंवा दोहोंच्या संयुक्त कळेवर यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत तशी मुभा नसेल तर धातू मुळीच ठेवू नये, ठिणग्या उडतात. आणि घाई करू नये. वारा लहरीइतका चपळ नसतो. त्यास त्याचा वेळ द्यावा लागतो.

सूनबाईंनी दुसरा घाणा असा केला. पेटी तापविली, डब्याला तूप लावून केळीचे पान घातले, १६० अंश ठेवले आणि पाऊण तास धीर धरला. काकी काचेपुढे पाटावर बसून होत्या. माथ्यावर तांबूस रंग चढू लागला तेव्हा त्या पुढे सरकल्या, आणि आतले लाल वेटोळे पाहून म्हणाल्या, “उजो आसा तर.”

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. विस्तव आहे काय? आपल्या प्राचीन परंपरेने अग्नी केवळ चुलीत पाहिला नाही. पृथ्वीवर ज्वाळा, अंतरिक्षात वीज आणि द्युलोकी सूर्य, ही एकाच अग्नीची रूपे मानली. अमरकोशात अग्नीच्या नावांमध्ये ‘वायुसख’ असे एक नाव आहे. वारा ज्याचा मित्र, तो. आमच्या पूर्वजांना हे यंत्र ठाऊक होते, असा पोकळ अभिमान आम्ही सांगणार नाही. त्यांना ते ठाऊक नव्हते. पण ज्वाळा म्हणजेच अग्नी, इतकी संकुचित कल्पनाही त्यांची नव्हती. विजेने लाल झालेले वेटोळे आणि त्याच्या साह्याला धावणारा वारा यांना अग्नीच्या घराबाहेर काढण्याचे कारण आम्हास दिसत नाही.

याचा अर्थ देवळाच्या स्वयंपाकघरातही ही पेटी न्यावी, असा मात्र नव्हे. प्रत्येक देवस्थानाची मर्यादा असते, आणि ती राखणाऱ्या पिढ्यांचे तिच्यामागे पुण्य असते. तेथे लाकडाचा अग्नी आहे, तेथे तो राहावा. घराची गोष्ट निराळी. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरी नकळत हिंसा घडणारी जी पाच स्थाने सांगितली आहेत, त्यांत चुलीचे नाव पहिले आहे. चूल ही निर्दोष वस्तू आहे, असे शास्त्रानेही मानले नाही. जन्मभर धूर पिऊन ज्यांचे डोळे अधू झाले आणि छाती भरून आली, अशा आमच्या आया-काकींना ते शास्त्रावाचूनच कळले होते. त्यांच्या हातचा चिमटा सुटला म्हणून घरचा नैवेद्य सुटावा, हे कोणत्या देवाला आवडेल?

काकींचा खरा आक्षेप पुढे निराळाच निघाला. “हातूंत केन्ना नुस्तें रांदलां?” त्यांनी विचारले. पेटी नवी होती. तिच्यात मासळी शिरली नव्हती. तेव्हा त्यांनी निर्णय दिला. सोवळ्याला लागणारी पेटी सोवळ्यालाच ठेवावी, तिच्यात दुसरे काही करू नये. आणि देवापुढची वाटीभर तवसळी तेवढी चुलीवर करावी. निखारे नातवाने उचलावे, त्या सांगतील तसे. घरच्या तीस पानांची भट्टीत होऊ द्यावी. पंचायतीनेही इतका समतोल निवाडा दिला नसता.

पाने वाढली गेली. भट्टीतली तवसळी सर्वांना आवडली. काकींनी घास घेतला, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “रंग आयला, वास येवंक ना.”

त्यांचे म्हणणे यथार्थ होते. करवंटीच्या निखाऱ्याचा जो मंद धुरकट वास त्या पदार्थाला लागतो, तो कोणत्याही पंख्याला आणता आलेला नाही. आम्ही काही मिळविले आहे, काही गमावलेही आहे, आणि दोन्हींची नोंद इतिहासाने ठेविली पाहिजे. रम्फर्ड, बोस, स्पेन्सर यांची नावे ग्रंथांत राहतील. झाकणावर निखारे किती ठेवावे, ते केव्हा झटकावे, पान कोणते घालावे, हे ज्ञान मात्र कोणत्याही ग्रंथात नाही. ते केवळ काही वृद्ध हातांत आहे. त्या दिवशी नातवाने निखारे उचलले, आणि काकींनी सांगितलेले सर्व त्याच्या बहिणीने वहीत उतरवून घेतले. वाचकांनीही येत्या सणापूर्वी आपापल्या घरी तसेच करावे, एवढेच आमचे नम्र सुचविणे आहे.